टर्बो बसवण्यापूर्वी मोटरसायकलच्या इंजिनाची बांधणी

मोटरसायकलला टर्बो, म्हणजे एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंप, जोडण्याचे काम वरवर पाहता पाइप, ब्रॅकेट आणि वेल्डिंगचे वाटते. परंतु ते इंजिन किती काळ टिकेल, याचा निकाल सिलिंडर उघडलेले असतानाच लागलेला असतो. ०.७ बार बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेला दिलेला जादा दाब, हा वातावरणाच्या दाबावर आणखी सुमारे ७० टक्के दाब. हवा वाढली की पेट्रोल वाढते आणि त्याबरोबर उष्णताही वाढते. टर्बोची इंजिने बहुधा निव्वळ दाबाने मोडत नाहीत. ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचण्याआधीच कडेचे मिश्रण एकदम भडकते, म्हणजेच नॉकिंग होते, आणि त्या आघाताने पिस्टनची कड व रिंगांच्या खाचांमधली भिंत तुटते. पुढचे प्रत्येक काम याच गोष्टीवर नजर ठेवून करावे.

पहिला निर्णय कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे पिस्टन वर जाताना मिश्रण किती पट दाबले जाते याचा. होंडाने १९८२ साली सीएक्स ५०० टर्बो आणली, तेव्हा मूळ गाडीचा १० चा रेशो ७.२ वर उतरवला. कावासाकीच्या १९८४ च्या ७५० टर्बोत तो ७.८ होता. आता इंधन आणि इग्निशन (ठिणगी पडण्याची वेळ) यांवर नेमके नियंत्रण ठेवता येते, त्यामुळे इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा भाग) असल्यास मध्यम बूस्टसाठी ८.५ ते ९ हा रेशो चालतो. हिशेब असा : बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७६ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ५५ मिमी असेल, तर एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २५० सीसी भरते. ११ च्या रेशोला पिस्टन वर असताना २५ सीसी जागा उरते, तर ९ साठी ती ३१.२५ सीसी लागते. ही सव्वासहा सीसी जागा सिलिंडरखाली प्लेट घालून मिळवायची, तर प्लेट सुमारे १.४ मिमी जाड घ्यावी लागेल. हा उपाय स्वस्त आहे, पण त्याने पिस्टनची कड आणि हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) यांमधली, मिश्रण दाबून आत ढकलणारी स्क्विशची फट तेवढीच वाढते, मिश्रण नीट घुसळले जात नाही आणि जे नॉकिंग टाळण्यासाठी रेशो उतरवला त्यालाच वाव मिळतो. शिवाय हेड वर उचलले गेल्याने कॅमचे टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ, मागे पडते आणि ते लांबट भोकांच्या स्प्रॉकेटने पुन्हा जुळवावे लागते. म्हणून माथ्याला वाटीसारखा खोलगटपणा असलेले फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन घ्यावेत आणि स्क्विशची फट १ मिमीच्या आसपास राखावी, असे माझे ठाम मत आहे. हेडमधली जागा छापील आकड्यावरून धरू नये. ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या काचनळीने) द्रव भरून प्रत्येक सिलिंडरची जागा स्वतंत्रपणे मोजावी.

फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर साध्या ओतीव पिस्टनपेक्षा सहसा अधिक फुगतात, म्हणून बोअर पिस्टन हातात आल्यावरच, उत्पादकाने दिलेल्या क्लिअरन्सनुसार (पिस्टन व बोअर यांमधल्या फटीनुसार) होन करून, म्हणजे आतून घासून, घ्यावा. रिंगांच्या टोकांमधली फट मात्र स्वतः जुळवावी, कारण येथे घाई केली की सारे काम वाया जाते. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ खाली ढकलावी, म्हणजे ती तिरकी राहत नाही, आणि मग फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) फट पाहावी. ७६ मिमी बोअरच्या साध्या इंजिनाला वरच्या रिंगेत साधारण ०.३० मिमी पुरते. टर्बोसाठी ती ०.४० ते ०.४५ मिमी ठेवतात, आणि पिस्टनसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच मानावा. कानस रिंगेच्या बाहेरच्या कडेकडून आतल्या बाजूलाच चालवावी, थोडे घासून पुन्हा मोजावे आणि शेवटी टोकांवरची बारीक धार काढून टाकावी. फट जास्त राहिली तर थोडा दाब निसटतो. कमी राहिली तर तापलेल्या रिंगेची टोके एकमेकांना भिडतात आणि बोअर खरवडला जातो.

कनेक्टिंग रॉड व त्यांचे बोल्ट, हेडचे स्टड आणि धातूच्या थरांचे गॅस्केट ही सर्व नवी व मजबूत घ्यावीत. जुन्या पद्धतीचा, तुकडे दाबून जोडलेला क्रँकशाफ्ट असेल तर तो सरळ करून सांधे वेल्ड करून घ्यावेत, कारण वाढलेल्या टॉर्कने तो पिळला जातो. इनटेक व्हॉल्व्हच्या स्प्रिंगकडे अनेकांचे दुर्लक्ष होते. २९ मिमी व्यासाच्या व्हॉल्व्हवर ०.७ बार बूस्ट मागून सुमारे ४.७ किलोचा जोर लावतो, म्हणून स्प्रिंगचा बसता दाब (व्हॉल्व्ह मिटलेला असतानाचा) किमान तेवढ्याने वाढवावा.

टर्बोला तेल देणे सोपे असते, ते परत आणणे अवघड. टर्बोतून निघणारे तेल फेसाळलेले असते आणि केवळ उतारावरून वाहते. म्हणून परतीचा पाइप रुंद, कुठेही वर न वळणारा आणि संपमधील (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतील) तेलाच्या पातळीच्या वर जोडलेला असावा. टर्बो खाली बसवावा लागला तर तेल ओढून घेणारा वेगळा पंप अपरिहार्य ठरतो. सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की लोक टर्बोच्या सीलला दोष देतात, पण पुष्कळदा तेल तुंबल्यामुळेच ते सीलमधून बाहेर पडते. क्रँककेसमध्ये दाब साठला तरी हेच घडते, त्यामुळे तो दाब बाहेर सोडणारा ब्रीदरही मोठा करावा.

इंधनाचा दाब बूस्टबरोबर तितकाच वाढला पाहिजे, आणि इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर १ बारच्या वरचा दाब वाचणारा हवा. पूर्ण बूस्टवर हवा-पेट्रोलचे प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान ठेवावे, इग्निशन मागे घ्यावे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी, आणि प्लग एक-दोन श्रेणी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घेऊन त्याची फट ०.६ मिमीपर्यंत कमी करावी.

प्रथम सुरू करताना प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवावे आणि टर्बोपर्यंत तेल पोहोचल्याची खात्री करावी. रिंगा बसेपर्यंत बूस्ट देऊ नये. त्यानंतर लीकडाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती निसटते ते पाहणे) घ्यावी आणि ०.३ बारपासून सुरुवात करावी. प्रत्येक फेरीनंतर प्लग काढून त्याचे पांढरे पोर्सिलेन भिंगाखाली पाहावे. त्यावर ॲल्युमिनियमचे चकाकते कण दिसले, तर पिस्टन झिजू लागला आहे असे समजावे, आणि इग्निशन व इंधन तपासल्याशिवाय पुढची फेरी मारू नये.