गाडीचा अँटेना आखूड करताय? या चुका टाळा

बेसमेंटच्या पार्किंगमध्ये छताला खर्रकन घासणारा लांब अँटेना काढून बोटभर दांडी लावावी, असं प्रत्येकाला कधी ना कधी वाटतं. खुशाल लावा. पण मग रेडिओ खरखरू लागला की सगळा दोष लांबीला दिला जातो, आणि खरा घोळ बरेचदा दुसरीकडेच असतो.

लांबीचाही वाटा असतोच. एफएमची लहर साधारण 3 मीटरची, आणि दांडीला हवी तिच्या पाव भागाएवढी लांबी, म्हणजे पाऊण मीटर. आखूड दांडीत तार वेटोळी गुंडाळून ही तूट थोडीफार भरून काढतात. आत तार न गुंडाळता नुसता धातूचा तुकडा असेल तर ती जवळपास शोभेचीच. मिडियम वेव्हचा मार त्याहून मोठा. आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे लहर पावणेचारशे मीटरच्या घरात. ते ऐकणाऱ्यांनी जुनी दांडी फेकू नये.

सगळ्यात जास्त घोटाळा आट्यांचा. कुठे 5 मिलीमीटरचा स्क्रू, कुठे 6 चा. पाकिटात दोन-तीन स्क्रू येतात, त्यातला नेमका चुकीचा उचलला जातो. दांडी बोटांनी फिरवा. दीड-दोन फेऱ्यांत अडली तर थांबा, उलटी फिरवून काढा. तिथे पक्कड लावली की बेसचे, म्हणजे छतावरच्या बैठकीचे, आटे गेलेच, आणि पन्नास-शंभरच्या दांडीपायी अख्खा बेस बदलावा लागतो. स्क्रूच्या भोकात हिरवट गंज दिसला तर आधी खरवडून साफ करा.

नुसती दांडी बदलायची असेल तर बेस उघडूच नका. खालचं रबर सरकलं की पहिल्याच पावसात छताच्या कापडावर डाग उमटतो.

मी एकदा चिकटवायचं शार्क फिन, म्हणजे शार्कच्या पंखासारखा दिसणारा अँटेना, घेतलं होतं. दुकानदाराने ‘सिग्नल डबल’ म्हणून गळ्यात मारलं. घरी उलटं करून पाहिलं तर आत एकही वायर नाही, पोकळ प्लास्टिक!

खरखर नेमकी कशाची, हे ओळखायला गाडी एका जागी उभी करा आणि एखादं कमजोर स्टेशन लावा. जवळचं दणदणीत स्टेशन दांडीशिवायही वाजतं, त्यावरून काही कळत नाही. आता दांडी पूर्ण काढा. आवाजात काहीच फरक पडला नाही तर तिचा संपर्कच होत नाहीये. नंतर मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम उपसून बघा. हलक्या चार्जरचा गोंगाट मूळ अँटेन्याच्या जोरदार सिग्नलखाली दबलेला असतो, आखूड दांडी लावली की तो वर येतो.

स्टिरिओ नंतर बसवलेला असेल तर आणखी एक गोष्ट. बऱ्याच गाड्यांत छतावरच्या बेसमध्ये सिग्नल वाढवणारा छोटा अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला 12 व्होल्ट लागतात. स्टिरिओमागची ती वायर, बहुधा निळी, जोडायची राहून जाते. मग फूटभर दांडी लावा नाहीतर बोटभर, रेडिओ रडतच राहणार.

आणि बोरघाट उतरताना पुण्याचं 101 एफएम गेलं तर दांडीला बोल लावू नका, मध्ये डोंगर आलेत.