अमेरिकी अपील न्यायाधीशाची नेमणूक कशी वाचावी

अमेरिकेतील खटल्याच्या बातमीत फेडरल (म्हणजे केंद्रीय) अपील न्यायाधीशाची ओळख बहुतेक वेळा 'अमुक राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले' एवढ्यावर उरकली जाते. नेमणुकीमागचा खरा प्रवास समजून घ्यायचा असेल, तर फेडरल ज्युडिशियल सेंटर या केंद्रीय न्यायव्यवस्थेच्या संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावरील चरित्रनोंद उघडावी आणि वाचनाला सुरुवात जन्मस्थळापासून न करता न्यायाधीशपदाच्या जागेपासून करावी. अपील न्यायाधीशांच्या १७९ जागा कायद्याने ठरलेल्या असल्यामुळे आपली व्यक्ती कोणाच्या जागी आली, हे नोंदीत लिहिलेले असते.

न्यायाधीश श्री श्रीनिवासन ('श्री' हे त्यांचे नावच) यांचे उदाहरण घेऊ. १९६७ साली चंडीगडमध्ये जन्मलेले आणि कॅन्सस राज्यात वाढलेले श्रीनिवासन राजधानी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात ए. रेमंड रँडॉल्फ यांच्या जागेवर आले. रँडॉल्फ नोव्हेंबर २००८ मध्येच ज्येष्ठ दर्जा घेऊन पूर्णवेळ कामातून बाजूला झाले होते, म्हणजे ती जागा साडेचार वर्षे रिकामी होती.

यानंतर तारखा जुळवाव्यात आणि त्यासाठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संकेतस्थळावरील नामनिर्देशनांचा विभागही पाहावा, कारण मुदतीअभावी परत गेलेली नावे तेथे सापडतात. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी श्रीनिवासन यांचे नाव मंजुरीसाठी सिनेटकडे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाकडे, प्रथम जून २०१२ मध्ये पाठवले. सिनेटची मुदत संपल्याने ते परत आले, जानेवारी २०१३ मध्ये पुन्हा गेले आणि २३ मे रोजी ९७ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाले. मतांचे आकडे पाहताना मात्र सावध राहावे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सिनेटने अशा नेमणुकांवरील चर्चा थांबवण्यासाठी लागणारी ६० मतांची अट काढून साधे बहुमत पुरेसे ठरवले, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही.

कारकिर्दीचा भाग वाचताना 'लॉ क्लर्क' या शब्दाने फसू नये. हा आपल्याकडचा कारकून नव्हे. न्यायाधीशासाठी संशोधन करणाऱ्या आणि निकालांचे मसुदे लिहिणाऱ्या तरुण वकिलाचे हे अतिशय मानाचे पद आहे. श्रीनिवासन यांनी ते आधी अपील न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश सँड्रा डे ओ'कॉनर यांच्याकडे सांभाळले. पुढे ते सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात प्रमुख उपाधिकारी झाले. खालच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून त्यांनी एक दिवसही काम केलेले नव्हते आणि तशी गरजही नव्हती, कारण राज्यघटनेत या पदासाठी वय, पदवी किंवा अनुभव यांची कोणतीही अट नाही.

शेवटी नियुक्तिपत्राची तारीख टिपून ठेवावी, कारण अपील न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश कोणी निवडत नाही; ६५ वर्षे पूर्ण न झालेल्या कार्यरत न्यायाधीशांत ज्याचे नियुक्तिपत्र सर्वांत जुने, त्याच्याकडे ते पद जाते. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयातील न्यायाधीश थॉमस ग्रिफिथ हे २००५ पासूनचे, म्हणजे श्रीनिवासन यांच्याहून ज्येष्ठ होते, परंतु त्यांनी पासष्टी ओलांडून काही महिने झाले होते आणि पद श्रीनिवासन यांच्याकडे आले.