पावसाळ्यातली किरकोळ दुखणी: घरी काय करावं, दवाखाना कधी गाठावा

मृगापासून चवथीपर्यंत गोव्यात घरात कुणी ना कुणी शिंकत, खोकत किंवा पोट धरून बसलेलं असतं. अशा प्रत्येक दुखण्याला डॉक्टर लागत नाही. मात्र घरचे उपचार मोजूनमापून करावेत, अंदाजाने नव्हे.

आधी औषधांचा डबा नीट लावा. थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची (जुलाबात अंगातलं पाणी भरून काढणाऱ्या मीठ-साखरेच्या पुडीची) पाकिटं, चिकटपट्टी, जंतुनाशक मलम एवढं पुरे. इथल्या दमट हवेत न्हाणीघरात किंवा चुलीजवळ ठेवलेली औषधं लवकर खराब होतात; घट्ट झाकणाचा डबा मुलांच्या हाताबाहेर, कोरड्या जागी ठेवा. मागच्या आजारात उरलेली अँटिबायोटिक्स मात्र बाहेर काढा. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर ती चालत नाहीत.

सर्दी-घशाला मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, गरम पातळ जेवण आणि झोप. खोकल्याला मध चालतो, पण वर्षाखालच्या बाळाला तो अजिबात देऊ नये. मुलांच्या छातीला फेणी चोळायची जुनी सवयही सोडा. मद्य त्वचेतून अंगात भिनतं. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर क्षयाची तपासणी करून घ्या.

जुलाब लागले की पहिली काळजी पाण्याची. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएस विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून चमचा सपाट करूनच मोजा. उलटी झाल्यास दहा मिनिटं थांबून पुन्हा घोटघोट पाजा. उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून टाका. खाणं बंद करू नका. उकड्या तांदळाची पेज आपल्याकडे आजारी नसतानाही खातात, तिच्याइतकं सोयीचं काही नाही. शौचातून रक्त, लघवी कमी होणं, डोळे खोल जाणं, मूल सुस्तावणं यांपैकी काहीही दिसलं तर घरी थांबू नका.

जांघेत बुरशीची खाज सुटली की अंग कोरडं ठेवा, कपडे पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. फार्मसीतून मलम आणताना त्यात स्टिरॉइड नाही ना, हे विचारा. त्याने खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते.

खरी सावधगिरी तापात हवी. हात लावून ठरवू नका, मोजा आणि वेळेसह लिहून ठेवा. प्रौढाने पॅरासिटामॉलच्या 500 मिलिग्रॅमच्या एक किंवा दोन गोळ्या चार ते सहा तासांच्या अंतराने घ्याव्यात; 24 तासांत आठच्या वर कधीच नाही. सर्दीच्या तयार गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांची मात्रा वजनावर ठरते. अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन मात्र टाळा: ताप डेंग्यूचा निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

दोन दिवसांत ताप उतरला नाही तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. शेतात किंवा साचलेल्या पाण्यात काम केलं असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते त्यांना सांगा. पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल-पिवळे दिसत असतील तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप) संशय घेतला जातो आणि त्यावर लवकर औषध लागतं. डेंग्यूत तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे. पोटात जोराची कळ, थांबेनाशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी असं काही झालं किंवा श्वास लागला तर वाट पाहू नका, 108 ला फोन करा.