रक्ताच्या उलटीचा पेशंट आणि टर्लिप्रेसिन-ऑक्ट्रिओटाइड: या चुका टाळा

रात्री अकरा-साडेअकराला कॅज्युअल्टीतून फोन येतो. "सिस्टर, रक्ताची उलटी आहे, जुना सिरॉसिस, वर पाठवतोय." पेशंट वर येईपर्यंत चादर लाल झालेली असते, मागे चार नातेवाईक असतात, आणि नवीन इंटर्नचा पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, पॅन्टॉप लावू ना?" लाव बाबा, ते पोटातलं ॲसिड कमी करतं. पण या माणसाचं रक्त त्याने थांबायचं नाही.

सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक झालं की आतड्याकडून येणारं रक्त त्यातून पुढे जात नाही. ते मागे तुंबतं, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि एखादी फुटते. इथे आम्ही दोनपैकी एक हॉर्मोनचं औषध वापरतो. टर्लिप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनचं सुधारलेलं रूप, ऑक्ट्रिओटाइड हे सोमॅटोस्टॅटिनचं. शरीरातलं मूळ सोमॅटोस्टॅटिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होऊन जातं, म्हणून जास्त टिकणारं रूप बनवावं लागलं. दोन्ही औषधं पोटाकडचा रक्तपुरवठा कमी करतात, त्यामुळे फुगलेल्या शिरेतला दाब उतरतो. पण शीर बुजते ती दुर्बिणीतून रबर बँड लावल्यावर. पेशंट जरा सावरला की १२ तासांच्या आत ही दुर्बिणीची तपासणी, म्हणजे स्कोपी, व्हायला हवी. तोपर्यंतचा वेळ ही सुई काढून देते, म्हणून ती स्कोपीची वाट न बघता, संशय आला की लगेच सुरू करायची असते. "उद्या स्कोपीत काय दिसतं ते बघून ठरवू" असं म्हणणाऱ्याने पेशंटशेजारी एक रात्र बसून दाखवावं.

आयसीयूत अठरा वर्षं काढली. या औषधांच्या बाबतीत दोन-तीन चुका अशा आहेत की आता त्या बघून राग येत नाही, थकवा येतो.

पहिली चूक पायातल्या मोज्यांची. हसू नका.

एका थंडीच्या रात्री पन्नाशीचे एक काका आले. टर्लिप्रेसिन सुरू झालं: २ मिलिग्रॅम दर ४ तासांनी, नेहमीची ऑर्डर. स्कोपी झाली, बँड लागले, सगळे खूश. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. दुपारी भेटायच्या वेळेत काकू आत आल्या, त्यांनी पायाला हात लावला तर पाय बर्फासारखे. बाईंनी पिशवीतून लोकरीचे मोजे काढले आणि चढवले, वर ब्लँकेट. आमच्या सिस्टरने ते पाहिलं, तिला बरंच वाटलं. दोन शिफ्ट गेल्या. मॉनिटर व्यवस्थित, बीपी व्यवस्थित, चार्टवर सगळीकडे "स्टेबल". दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्पंजिंगसाठी मोजे काढले तर डाव्या पायाची तीन बोटं जांभळी, आणि करंगळी तर शाईत बुडवून काढल्यासारखी.

डॉक्टरांनी टर्लिप्रेसिन तिथल्या तिथे बंद करून ऑक्ट्रिओटाइड लावलं. दोन बोटं संध्याकाळपर्यंत परत गुलाबी झाली. करंगळीचं टोक गेलं. काकूंना वाटत होतं आपल्या मोज्यांमुळे झालं. त्यांना समजावताना माझी जीभ जड झाली, कारण मोज्यांनी काही बिघडवलं नव्हतं. त्यांनी फक्त आमच्या डोळ्यांवर पडदा टाकला होता, आणि तो बाजूला करून बघणं हे काम आमचं होतं, त्यांचं नव्हे.

टर्लिप्रेसिन रक्तवाहिन्या आवळतं, आणि आवळताना पोटाची कुठली, बोटाची कुठली असा भेदभाव करत नाही. हाताची-पायाची बोटं, त्वचा, आतडं, हृदय, सगळीकडे त्याचा हात पोचतो. चेहरा पांढरा पडणं, पोटात कळ, एखादी पातळ शी हे बऱ्याच जणांना होतं. पण कळ थांबतच नसेल, छातीत दुखत असेल, नाडी फार मंदावली असेल, तर पुढचा डोस भरण्याआधी डॉक्टरांना फोन. झोपेतून उठवावं लागलं तरी फोन. ज्यांच्या हृदयाला आधीच त्रास आहे किंवा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद आहेत, त्यांना हे द्यायचं की ऑक्ट्रिओटाइड, हे सुरुवातीलाच विचारून घ्यायचं. पहिल्या डोसआधी ईसीजी काढायचाच.

आता कोणी म्हणेल, रक्त गेल्यानेही पाय थंड पडतात. पडतातच. म्हणून तर पहिल्या डोसआधी पाय कसे होते ते लिहून ठेवायचं. माझी सवय अशी: दर डोसला पांघरूण वर करून दहाही बोटं बघायची, नख दाबून सोडायचं, रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं, मग व्हायल फोडायची. एक मिनिटही लागत नाही. "सिस्टर, तुम्ही फार वेळ लावता" असं मला एका नव्या पोराने ऐकवलं होतं. त्याला करंगळीची गोष्ट सांगितली, आता तोही बघतो.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे मनगटाच्या मागच्या बारीक शिरेत घातलेल्या कॅन्युलातून (प्लास्टिकच्या नळीतून) टर्लिप्रेसिन ढकलणं. लाईन आउट झाली, म्हणजे औषध शिरेबाहेर गेलं, तर त्या जागची कातडी मरू शकते. मोठी, खात्रीची शीर घ्या, आधी सलाईनने फ्लश करून बघा. आउट झालीच तर लगेच थांबवा, कॅन्युला ओढून न काढता आधी त्यातूनच जेवढं मागे येईल तेवढं औषध खेचून घ्या, हात उंच ठेवा, डॉक्टरांना बोलवा. आणि बर्फ लावू नका! सूज दिसली की बर्फ, हा आपल्याकडचा हमखास इलाज, पण इथे आधीच आवळलेल्या शिरा त्याने आणखी आवळतात. शेक द्यायचा तर कोमट आणि कोरडा.

दुसरी चूक पंपाची, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगाने सोडणाऱ्या यंत्राची. ऑक्ट्रिओटाइडचा हिशोब खरं तर सोपा आहे. आधी ५० मायक्रोग्रॅमचा बोलस, म्हणजे एकदम दिलेला डोस, मग ताशी ५० मायक्रोग्रॅम. आमच्याकडे ५०० मायक्रोग्रॅम ५० मिलीत भरतात आणि पंप ५ वर, म्हणजे ताशी ५ मिलीवर, ठेवतात. १०० मायक्रोग्रॅमचे पाच अँप्युल, वर ४५ मिली सलाईन. सगळ्यांना तोंडपाठ, आणि तोंडपाठ असणं हाच घोटाळा. एका रात्री मेडिकलवाल्याने १०० ऐवजी ५० चे अँप्युल दिले. तेही १ मिलीचे, दिसायला सख्खे भाऊ. सिस्टरने सवयीने पाच फोडले, सिरिंज ५० मिली भरली, पंप ५ वर. हँडओव्हरला सांगितलं, "ऑक्ट्रिओ पाचने चालूये." बरोबरच होतं, पाचनेच चालू होतं. फक्त पेशंटला निम्मा डोस जात होता, दहा तास. सकाळी सिरिंज बदलताना ट्रेमधले रिकामे अँप्युल वाचले म्हणून कळलं.

तेव्हापासून मी रिकामे अँप्युल सिरिंज संपेपर्यंत टाकू देत नाही. सिरिंजवर चिकटपट्टी, त्यावर एकूण मायक्रोग्रॅम किती, मिली किती, वेळ काय आणि भरणाऱ्याची सही. हँडओव्हरला "पाचने" नाही, "ताशी पन्नास मायक्रो" म्हणायचं. आणि मायक्रोग्रॅम पूर्ण लिहा, त्या घाईच्या अक्षरात मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम सारखेच दिसतात. पंपाचा अलार्म वाजला की तो गप्प करून चहा प्यायला जाणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखी भाषा माझ्याकडे नाही.

तिसरी नातेवाइकांची, पण त्यात आपलाही हात असतो. दुसऱ्या दिवशी उलटी थांबते, पेशंट चहा मागतो, आणि लगेच सुरू होतं: "आता एवढी महागाची इंजेक्शनं कशाला?" खर्चाचं दुःख खोटं नसतं. पण शीर पुन्हा फुटायचा धोका पहिल्या पाच दिवसांत सगळ्यात जास्त, म्हणून हे औषध २ ते ५ दिवस चालवतात. हे आधीच कोणी नीट सांगितलेलं नसतं. मग डामा, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी, घेऊन जातात, आणि तेच स्ट्रेचर तिसऱ्या रात्री परत. मी पहिल्या रात्रीच घरातल्या एका शहाण्या माणसाला बाजूला घेऊन सांगते, "उद्या बरे दिसतील, तेव्हाही हे चालूच राहील." डॉक्टरांनी सांगावं हे खरं, पण डॉक्टर तेव्हा स्कोपीरूममध्ये असतात.

बाकीच्या भराभर सांगते.

सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९० टक्क्यांच्या खाली असताना टर्लिप्रेसिनचा डोस हातात घेऊ नका, आधी कळवा. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२२ मध्ये किडनीच्या गुंतागुंतीसाठी याला परवानगी दिली तेव्हाच श्वास निकामी होण्याचा ठळक इशारा जोडला. आमचा पेशंट रक्तस्रावाचा असला तरी फुप्फुसं तीच. वरून सलाईन, अल्ब्युमिन, रक्त सगळं एकदम ओतलं की ती भरतात.

रक्तावरून आठवलं. "चार बाटल्या चढवा ना" हा आग्रह रोजचा. जास्त रक्त म्हणजे त्या शिरेत जास्त दाब. बार्सिलोनात ९२१ पेशंटवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये आला, त्यात हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले लोक जास्त जगले. धो धो रक्त जात असेल तर गोष्ट वेगळी.

ट्रॅनेक्सा, म्हणजे रक्तस्राव थांबवायला देतात ते ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड. कुठूनही रक्त आलं की ट्रॅनेक्सा! २०२० च्या मोठ्या चाचणीत, १२,००९ पेशंटमध्ये, पोटातल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यू त्याने कमी झाले नाहीत, उलट शिरांत गुठळ्या वाढल्या.

सोडियम रोज बघा. टर्लिप्रेसिनने ते झपाट्याने उतरू शकतं, आणि पेशंट बडबडायला लागला की सगळे लिव्हरला दोष देतात. ऑक्ट्रिओटाइडवर साखर बघा, ती वर किंवा खाली, दोन्हीकडे जाते.

अँटिबायोटिकचा पहिला डोस पहिल्या तासाभरातच. तो राहून जातो, कारण रक्त दिसतं आणि जंतू दिसत नाहीत.

बाई गरोदर असू शकते का, हे टर्लिप्रेसिनआधी विचारा. लाजून चालत नाही.

ऑक्ट्रिओटाइडचं महिन्यातून एकदा कमरेत घ्यायचं डेपो, म्हणजे शरीरात हळूहळू सुटणारं, इंजेक्शनही मिळतं. ते या कामाचं नाही. एकदा एक भाऊ धावत जाऊन तेच घेऊन आला होता. चिठ्ठीवर नुसतं नाव लिहिलं होतं, ताकद नाही. परत करायला तो पुन्हा तीन मजले उतरला.