महापालिकेत नवीन काही रुजवायचं असेल तर

क्षेत्रीय कार्यालयात सहायक आयुक्त होते, आता निवृत्त आहे. नव्याने रुजू झालेले अधिकारी विचारतात, "मॅडम, सुरुवात कुठून करायची?" मी सांगते, सल्लागार नेमायच्या आधी आपल्याच माणसांकडे जा.

आठवडाभर नागरी सुविधा केंद्राच्या खिडकीमागे बसा. मिळकतकराला नवं नाव लावायचा एखादा अर्ज घ्या आणि तो ज्या ज्या टेबलावर जाईल तिथे त्याच्यामागे जा. कुठे किती दिवस पडून राहिला, कोणती सही नियमात आहे आणि कोणती नुसती वहिवाटीने घेतली जाते, हे वहीत लिहा. पाण्याच्या तक्रारी असतील तर गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याबरोबर पहाटे फिरा. कोणत्या गल्लीत पाणी का चढत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मग पाच-सहा जणांचा गट करा: लिपिक, कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक, मुकादम आणि लेखा विभागातलं एक माणूस. लेखावाला पहिल्या बैठकीपासून हवाच. नाहीतर मंजुरीसाठी पाठवलेली टिपणी शेवटच्या टप्प्यावर "खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या तरतुदीतून)?" एवढ्या एका शेऱ्यानिशी परत येते आणि सगळ्यांचा उत्साह तिथेच मावळतो. गटाचा कार्यालयीन आदेश काढा. त्यात कुणाचं कोणतं नेहमीचं काम कमी केलं हे स्पष्ट लिहा. तोंडी सांगितलेली माणसं मतदार यादीच्या कामाला गेली की परत हाती लागत नाहीत.

आणि अधिकार द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त इथेच अडतं. सुरतेत १९९४ साली प्लेग आला आणि शहर रिकामं झालं. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी झोनच्या प्रमुखांना प्रशासकीय आणि आर्थिक अधिकार दिले आणि वरिष्ठांना रोज रस्त्यावर उतरवलं. कर्मचारी बहुतेक तेच होते, तरी थोड्याच काळात सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. शंभर रुपयांच्या दुरुस्तीसाठी मुख्य इमारतीकडे बघावं लागत असेल, तर कितीही प्रशिक्षणं द्या, माणूस स्वतःहून काही करून बघणार नाही.

सगळं शहाणपण पालिकेच्या आत असतं असंही नाही. पुण्यात कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली उभी राहिली. नव्वदच्या दशकातच महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००८ मध्ये त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार झाला. आधी ओळख, मग विश्वास, मग करार. या क्रमाला वर्षं लागतात, ती द्यावीत. तुमच्या शहरातही अशी माणसं असतील. निविदा काढण्याआधी त्यांच्यासोबत चहा घ्या.

प्रयोग एकाच प्रभागात करा. सुरू करण्याआधीचे आकडे नोंदवा, नाहीतर नंतर सुधारणा दाखवणार कशाच्या तुलनेत? काय दिसलं तर प्रयोग थांबवायचा, तेही टिपणीतच लिहा. म्हणजे फसला तर लिपिकावर खुलासा द्यायची वेळ येत नाही, आणि पुढच्या वेळी तोच लिपिक आपणहून कल्पना घेऊन येतो.

बदल्या होणारच. २००५ च्या बदली कायद्यात सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे, प्रत्यक्षात त्याआधीही आदेश निघतात. म्हणून यशस्वी झालेली पद्धत परिपत्रकात आणा आणि तिला अंदाजपत्रकात स्वतःचं लेखाशीर्ष मिळवून द्या. एप्रिल-मेमध्ये अभियंते नालेसफाईत गुंतलेले असतात, म्हणून खिडकीवरचे प्रयोग जुलैत सुरू करा. दिवाळीपर्यंत आकडे हातात येतात. त्यानंतर खात्यांच्या मागण्या अंदाजपत्रकासाठी जायला लागतात, तेव्हा तुमची टिपणी तयार असली पाहिजे.