टार्गेट गाठूनही मन भरत नाही, तेव्हा काय करावं

मी विक्री विभागात काम करते. आमच्याकडे दर तिमाहीला एक आकडा मिळतो. तो गाठला की टाळ्या होतात, कौतुकाची ईमेल फिरते आणि लगेच नवा आकडा येतो, अर्थात आधीच्यापेक्षा मोठा. मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, आमच्या बायबल-अभ्यासाच्या गटात नोकरीधंद्यात बऱ्यापैकी पुढे गेलेली माणसं येतात. फिरूनफिरून त्यांचा प्रश्न एकच असतो: हवं ते मिळालं, मग आत रिकामं का वाटतं? त्यांना मी जे करायला सांगते तेच इथे लिहिते आहे. नोकरी सोडा, असं त्यात कुठेही नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायातली लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करायची. तिने विश्वास ठेवल्यावर धंदा बंद केला असं त्या पुस्तकाचा लेखक लूक लिहीत नाही, आपलं घर प्रेषितांसाठी उघडलं एवढंच लिहितो.

सुरुवात बायबलच्या जुन्या करारातल्या उपदेशकाच्या पुस्तकाने करा. १२ अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. दुसऱ्या अध्यायात तर यशाची यादीच आहे: घरं, द्राक्षमळे, बागा, पाण्याची तळी, दासदासी, सोनंरुपं, गाणारे आणि गाणाऱ्या. हे सगळं जमवून झालेला माणूसच सांगतो आहे की ते वाऱ्यामागे धावणं होतं. ज्याला काही मिळालंच नाही त्याने असं म्हटलं असतं, तर मी फारसं मनावर घेतलं नसतं. वाचून झालं की स्वतःची यादी लिहा, पदवी, पद, घर, जे काही असेल ते, आणि प्रत्येकासमोर त्याचा आनंद किती टिकला ते नोंदवा. खरं लिहा, कोणाला दाखवायचं नाही. मात्र याचं प्रायश्चित्त करू नका. खाणंपिणं आणि कष्टात सुख मानणं हे देवाचं देणं आहे, असं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा सांगतं. यश वाईट नाही. आपण त्याच्याकडून जे मागतो ते त्याच्याकडे नसतं.

या टप्प्यावर गटात मी हमखास ऑगस्टीनची, म्हणजे चौथ्या शतकातल्या थोर ख्रिस्ती विचारवंताची, गोष्ट सांगते. तो मिलानमध्ये वक्तृत्वाचा अध्यापक होता, मानाच्या जागेवर. एकदा सम्राटाच्या स्तुतीचं भाषण तयार करताना, ज्यातलं बरंचसं खोटं आहे हे त्यालाही ठाऊक होतं, तो काळजीने पोखरून गेला होता. रस्त्यात त्याला एक भिकारी दिसला, दारू पिऊन मजेत हसणारा. ऑगस्टीन मित्रांना म्हणाला, आपण एवढा आटापिटा करून जे शोधतो आहोत ते याने भिकेच्या चार नाण्यांत मिळवलं. भिकाऱ्याचा आनंद खरा नव्हता, हेही तो मान्य करतो. पण आपली महत्त्वाकांक्षा ज्याच्या मागे होती ते त्याहून खोटं होतं, असं पुढे जोडतो. ३८६ मध्ये त्याने ते पद सोडलं आणि ३८७ मध्ये मिलानचा बिशप अँब्रोज याच्या हातून बाप्तिस्मा घेतला. प्रत्येकाला पद सोडावं लागेल असं नाही. पण तो भिकारी प्रत्येकाने एकदा नीट पाहावा.

आता मुख्य गोष्ट. मार्काच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, पहिला अध्याय उघडा आणि ९ ते ११ ही वचनं वाचा. येशू बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून वर येतो आणि स्वर्गातून वाणी होते की तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर मार्काने त्याचा एकही चमत्कार सांगितलेला नाही. एकही रोगी बरा झालेला नाही, गर्दी जमलेली नाही, एक शिष्यसुद्धा बोलावलेला नाही. पित्याची पसंती आधी आली, काम नंतर सुरू झालं. कचेरीत याच्या नेमकं उलट चालतं: आधी आकडा, मग पसंती, तीही पुढच्या तिमाहीपर्यंतच. हा क्रम उलटा करणं म्हणजेच तृप्ती शिकणं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्या सवयी त्याला आधार देतात.

हे करायचं कसं? सकाळी फोन हातात घेण्याआधी ही तीन वचनं वाचा. मग इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाची सुरुवात वाचा, कारण येशूला पुत्र म्हणून मिळालेली ती माया आपल्याला का लागू होते हे पौल, मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित, तिथे सांगतो: ख्रिस्ताच्या द्वारे देवाने आपल्याला दत्तक घेतलं आहे. त्यानंतर आपल्या शब्दांत छोटीशी प्रार्थना करा. माझी अशी असते: ‘प्रभू, आजचा आकडा यायच्या आधीच तू मला आपलं म्हटलं आहेस. त्या भरवशावर मी कामाला जाते.’ अप्रेजलच्या दिवशी हे अजिबात चुकवू नका. आणि शेरा हातात पडल्यावर, तो चांगला असो की वाईट, पुन्हा तीच वचनं वाचा. चांगल्या शेऱ्यानंतर ती वाचायला जास्त जड जातं, असा माझा अनुभव आहे.

एक इशारा देते. ही मनाची समजूत घालण्याची युक्ती नाही. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असं पौल करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात स्वतःच म्हणतो. त्यामुळे वधस्तंभ आणि पुनरुत्थान खरं मानायला मन अजून तयार नसेल, तर सवयींच्या मागे लागू नका. मार्काचं शुभवर्तमान पूर्ण वाचा, १६ अध्याय आहेत, आणि शंका पाळकांना थेट विचारा.

दुसरा इशारा त्याहून कडक. येशूला मानलं की धंदा वाढेल, कर्ज फिटेल, बढती मिळेल, असं शिकवणाऱ्यांपासून लांब राहा. त्यात दैवत तेच राहतं, फक्त पुजारी बदलतो. पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला छळणारा एक त्रास, दूर व्हावा म्हणून देवाला तीनदा विनंती केली. काटा तसाच राहिला. माझी कृपा तुला पुरे आहे, हे उत्तर मिळालं. कुठल्याही परिस्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, हे तो फिलिप्पैकरांना कैदेतून लिहितो. पौलालाही शिकावं लागलं, म्हणजे आपल्याला वेळ लागणारच.

लिंक्डइन उघडून दुसऱ्यांच्या बढत्या पाहत बसण्याची सवय असेल, तर स्तोत्र ७३ पाठ करा. ते रचणारा आसाफ तिथे लाज न बाळगता कबूल करतो की दुर्जनांचा उत्कर्ष पाहून त्याला मत्सर वाटला. १७व्या वचनापर्यंत ते दुखणं चालतं, आणि देवाच्या पवित्रस्थानात गेल्यावर त्याची दृष्टी बदलते. म्हणून मत्सर आवरत बसण्यापेक्षा तो देवासमोर मोठ्याने बोला, नावानिशी. रविवारची उपासना कामासाठी बुडवू नका आणि त्या दिवशी कचेरीची ईमेल पाहू नका, एवढ्यावर शब्बाथाविषयी, म्हणजे विसाव्याच्या दिवसाविषयी, थांबते.

पैशाचं मात्र थोडं सविस्तर. लूकाच्या १२व्या अध्यायातला श्रीमंत शेतकरी आठवा. त्याच्या जमिनीला भरघोस पीक आलं, म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं त्याने ठरवलं. सगळा विचार तो एकट्याशीच करतो. देव बोलेपर्यंत त्या गोष्टीत दुसरं माणूसच नाही! तेव्हा पगारवाढ झाली की तिचं काय करायचं ते एकट्याने ठरवू नका. जोडीदाराशी बोला, एकटे असाल तर मंडळीतल्या एखाद्या जाणत्या व्यक्तीशी. आणि त्यातला एक भाग असा द्या की कोणाला कळणार नाही. डाव्या हाताला कळू नये, ही मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली अट अगदी व्यवहारी आहे. टाळी मिळत नाही अशी एक तरी गोष्ट केल्याशिवाय आपण टाळीवर किती जगतो ते समजत नाही.

झोप उडाली असेल, रडू येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा, विश्वास कमी पडला असं मानू नका. कर्मेल डोंगरावर खोट्या दैवताच्या पुजाऱ्यांवर मिळवलेल्या एवढ्या मोठ्या विजयानंतर एलीया या संदेष्ट्याने मरण मागितलं. देवाने त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं आणि दूताकरवी खाऊ घातलं.

मोठं यश मिळेल त्या संध्याकाळी लूक १०:१७-२० वाचा. कामगिरी फत्ते करून शिष्य आनंदाने परततात. येशू त्यांना म्हणतो, दुरात्मे वश होतात यात आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत यात माना. मग खुशाल गोड वाटा.

आणि मंडळीत एखादी सेवा मागा, पण तुमचं कसब जिथे चालत नाही अशी. हिशेबनीस असाल तर खजिनदार होऊ नका, भांडी घासा. मी खुर्च्या लावते आणि लहान मुलांच्या वर्गात मदत करते. तिथे माझ्या आकड्यांना कोणी विचारत नाही. सोन्याची अंगठी घातलेल्याला मुद्दाम चांगली जागा देऊ नका, असं याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बजावलं आहे, तरी मंडळ्या ते करतातच. तुम्ही यशस्वी आहात हे कळलं की कोणीतरी तुम्हाला समितीवर घ्यायला येईल. पहिलं वर्ष नम्रपणे नको म्हणा.