नॅरोबोटवरचा पहिला दिवस: या चुका टाळा

इंग्लंडमध्ये एका दिवसासाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांवरची लांब, अरुंद बोट, भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. सकाळी थोडा वेळ शिकवतात, किल्ली हातात देतात आणि संध्याकाळी ठरल्या वेळी बोट परत आणायची. आई-बाबा सांगलीहून आले की आम्ही त्यांना नॉर्दम्प्टनशरमधल्या ब्रॉन्स्टनला नेतो. ऑक्सफर्ड आणि ग्रँड युनियन हे दोन कालवे तिथे एकत्र येतात. आता ओळखीतली मंडळीही जाण्याआधी फोन करून विचारतात, म्हणून त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

लांबचा बेत

पहिली चूक घरीच होते, नकाशा बघताना. मैल आणि लॉक (दोन्ही टोकांना गेट असलेला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) यांची बेरीज करून ३ ने भागा, साधारण तेवढे तास लागतात. ६ मैल आणि ६ लॉक म्हणजे ४ तास, आणि परतीचे पुन्हा ४. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू जायचं, कारण आपल्या बोटीने पाणी ओढलं जातं आणि त्यांच्या खुंट्या उपटून येतात. त्या बोटींत माणसं राहतात, चुलीवर काहीतरी शिजत असतं.

शिवाय चाळीस फुटांची बोट हवी तिथे वळत नाही. त्यासाठी कालव्याचा मुद्दाम रुंद केलेला भाग लागतो, त्याला 'विंडिंग होल' म्हणतात. तुमच्या बोटीच्या लांबीला पुरेल असं कुठे आहे ते निघण्याआधीच विचारून घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी नॅप्टनच्या दिशेने पाठवते. नॅप्टनच्या टेकडीच्या पायथ्यापर्यंत एकही लॉक नाही. ग्रँड युनियनवर उलट बाजूला गेलात तर लगेच ६ लॉक आणि पुढे १,८६७ मीटरचा बोगदा.

गाडीसारखी चालवणं

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. हे दहा मिनिटांत हाताला कळतं. वेळ लागतो तो दुसऱ्या गोष्टीला: बोट मधोमध फिरते, त्यामुळे पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं डावीकडे जातं. आणि ब्रेक नाही. थांबायचं तर रिव्हर्स टाकायचा, तेव्हा सुकाणू जवळजवळ निकामी होतं. म्हणून आधीच हळू व्हा. समोरून बोट आली तर आपण उजवीकडे राहायचं. रस्त्यावर डावीकडून जायची सवय असल्याने इथे हमखास गोंधळ होतो.

बोट भिंतीवर जाताना दिसली की कोणीतरी पाय पुढे करतं. कधीच करू नका. ती दहा टनांच्या आसपासची असते. धडकू द्या, लोखंडाला काही होत नाही.

काठाजवळ गाळात रुतलात तर पुढे जोर लावू नका, आणखी रुताल. जिथून आलात तिथे रिव्हर्समध्ये मागे या. सगळ्यांना खोल पाण्याच्या बाजूला उभं करा, तरी सुटली नाही तर बांबूने ढकला.

लॉकमध्ये लक्ष दुसरीकडे

इथे मात्र नीट थांबून वाचा. लॉकच्या वरच्या गेटखाली बांधकामाचा एक कट्टा आत आलेला असतो, त्याला 'सिल' म्हणतात. लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली असतो. भिंतीवरची पांढरी रेषा तो कुठवर आहे ते दाखवते. खाली उतरताना बोटीचं मागचं टोक त्या रेषेच्या मागे राहिलं, तर पाणी उतरत जातं, मागची बाजू कट्ट्यावर अडकते, पुढची खाली जाते आणि पाणी आत शिरतं. बोटी अशाच बुडतात, आणि फार पटकन.

एका वर्षी ब्रॉन्स्टनच्या लॉकमध्ये मी सुकाणूवर होते आणि शेजारच्या बोटीतल्या बाईंशी बोलत होते. तिथली लॉक रुंद आहेत, दोन बोटी मावतात. आमची बोट हळूहळू मागे सरकतेय हे मला कळलंच नाही. काठावरून नवरा "रेषा! रेषा!" ओरडला म्हणून वाचलो. तेव्हापासून लॉकमध्ये बोलायचं फक्त लॉकबद्दल, हा आमचा नियम आहे.

बोट अडकलीच तर खालच्या गेटची पॅडल्स, म्हणजे पाणी सोडायच्या झडपा, ताबडतोब बंद करा. मग वरची थोडी उघडून पाणी हळूहळू परत भरा. म्हणूनच पॅडलजवळचं माणूस पाणी उतरेपर्यंत तिथून हलता कामा नये. लॉकमध्ये दोर कधीही बांधून ठेवू नका. खुंटाला एक वेढा देऊन टोक हातात धरा, म्हणजे सोडता येतं. पॅडल फिरवायची लोखंडी किल्ली, विंडलास, दांड्यावर तशीच ठेवून जाऊ नका. खटका सुटला तर ती गरगर फिरून अंगावर येते.

पंख्यात अडकलेलं काही

बोट थरथरते, इंजिन धूर सोडतं, वेग येत नाही: बोट ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याला काहीतरी गुंडाळलं गेलंय. आधी क्षणभर रिव्हर्स देऊन बघा, पुष्कळदा पालापाचोळा तेवढ्याने सुटतो. नाही सुटला तर काठाला बांधा, इंजिन बंद करा आणि किल्ली काढून खिशात घाला. मगच मागच्या बाजूचं 'वीड हॅच', म्हणजे पंख्यावरचं झाकणाचं तोंड, उघडून हात घाला. आम्हाला एकदा खताचं पोतं सापडलं होतं, पावाच्या सुरीने अर्धा तास कापत बसलो.

पण खरा धोका त्यानंतर असतो. काम झाल्याच्या आनंदात हॅचचं झाकण सैल राहिलं, तर पंखा सुरू होताच पाणी इंजिनच्या खोलीत उडू लागतं आणि बोट मागून बुडते. बाबांचं आता ते ठरलेलं काम आहे. ते झाकणाचा स्क्रू स्वतः आवळतात, दोनदा हलवून बघतात, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय किल्ली खिशातून निघत नाही.